राऊंड फिगर

पेट्रोलपंपावरच्या पोरांना पूर्णांकांचा एवढा लळा कुणी लावला, हे मला अजून कळलेलं नाही. नळीनं ‘खट्’ असा आवाज करून आपलं काम संपल्याचं सांगितलेलं असतं. आकडा दोन हजार त्रेसष्टवर थांबलेला असतो. पोरगा मात्र अस्वस्थ. “साहेब, राऊंड फिगर करू का?” सुट्ट्या पैशांची चणचण होती तेव्हा हे समजण्यासारखं होतं. आता फोनवरून पै-पैचा हिशेब चुकता होतो, तरी त्या त्रेसष्टचे शंभर झाल्याशिवाय त्याच्या जिवाला चैन पडत नाही. आणि खरं सांगायचं तर माझ्याही पडत नाही. “कर की,” मी म्हणतो. मग तो नळी जराशी उचलून, तीर्थ द्यावं तसं थेंब थेंब सोडत राहतो.

साताऱ्याहून सांगलीला मामांकडे निघताना हा विधी ठरलेला. कराड, पेठ नाका, आष्टा असा सव्वाशे किलोमीटरच्या आसपासचा रस्ता. त्याला अर्धी टाकीही पुष्कळ झाली. पण ‘टाकी फुल’ या दोन शब्दांत जो थाट आहे, तो अर्ध्या टाकीत कुठून येणार?

यंदा होळीला निघालो, टाकी गळ्यापर्यंत भरली, किल्ली फिरवली आणि गाडी सुरूच होईना. पेट्रोल संपल्यामुळे बंद पडलेल्या गाड्या जगानं पाहिल्यात. पेट्रोल भरल्यामुळे बंद पडलेली गाडी पहिल्यांदाच पाहायला मिळत असल्यानं मागच्या रांगेत मोठं कुतूहल होतं. “पेट्रोल हाय न्हवं?” एकानं खिडकीत डोकावून विचारलं. माझ्याकडे या प्रश्नाचं फारच भरभक्कम उत्तर होतं, पण ते उपयोगाचं नव्हतं. शेवटी ॲक्सिलरेटर दाबून किल्ली धरून ठेवली, तेव्हा ती खोकत खोकत सुरू झाली. कराडच्या पुढे डॅशबोर्डवर इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा लागला आणि सांगलीपर्यंत माझ्याकडे टक लावून बघत राहिला.

गाडीच्या पोटातलं दुखणं वाचणारं अंगठ्याएवढं एक यंत्र माझ्याकडे आहे. स्टिअरिंगखालच्या खोबणीत ते खोचलं, की ते फोनवर आकडा सांगतं. आकडा आला पी ०१७२. अर्थ असा, की इंजिनाला हवेच्या मानानं पेट्रोल जास्त मिळतंय. थोडक्यात, गाडी म्हणत होती, “पोट भरलंय, आता वाढू नका.” ही तक्रार मला मामींच्या पंगतीत बसून वाचायला मिळाली. त्या वेळी माझ्या ताटात चौथी पुरणपोळी पडत होती आणि मी दोन्ही हात आडवे धरून तेच म्हणत होतो. मामींचा हात हातांच्या फटीतून येतो.

साताऱ्याच्या मिस्त्रींना फोन लावला. त्यांनी गाडीबद्दल काहीच विचारलं नाही, माझ्याबद्दल विचारलं.

“टाकी फुल करता न्हवं?”

“हो.”

“कट झाल्यावरबी वतायला लावता?”

“थोडं... राऊंड फिगरपुरतं.”

“मग त्यो कॅनिस्टर प्याला आसंल. पर्ज व्हॉल्व अडकलाय बघा. इंजान गार झाल्यावर काढा आन् फुकून बघा. हवा आरपार गेली, तर गेला कामातनं.”

पेट्रोल ही मोठी उडाणटप्पू वस्तू आहे. गाडी उभी असली, चावी खिशात असली, तरी टाकीतल्या पेट्रोलची वाफ होतच राहते. ती वाफ पूर्वी सरळ हवेत जायची. ते बरं नाही, हे सांगणाऱ्यांतला एक माणूस अननसाच्या वासाचा अभ्यास करत होता! आरी हागेन-स्मिट हा डच शास्त्रज्ञ कॅलिफोर्नियात अननसाचा वास कशाकशाचा बनतो ते शोधायचा. तीच युक्ती त्यानं लॉस एंजेलिसच्या डोळे चुरचुरवणाऱ्या हवेवर लावली आणि १९५०च्या सुमारास दाखवून दिलं, की गाड्यांमधून नि तेलाच्या कारखान्यांतून निसटणाऱ्या वाफांवर ऊन पडलं की त्यातूनच ते विषारी धुकं तयार होतं. मग १९७०च्या गाड्यांपासून तिथे टाकीची वाफ कोंडून ठेवायची सक्ती झाली. आपल्याकडेही २०००पासून नियम आहे. गाडी एका बंद खोलीत ठेवून निसटलेली वाफ मोजतात; ती एका चाचणीत दोन ग्रॅमच्या वर जाता कामा नये. दोन ग्रॅम पेट्रोल म्हणजे चहाचा जेमतेम अर्धा चमचा.

ही वाफ अडवण्याचं काम कोळसा करतो. टाकीतून निघालेली नळी कोळशाच्या दाण्यांनी भरलेल्या एका डब्यात जाते. तोच कॅनिस्टर. हा कोळसा शेगडीतला नव्हे. लाकडापासून नाहीतर नारळाच्या करवंटीपासून तो असा खास करतात, की त्याच्या अंगभर बारीक भोकं पडतात. त्या भोकांच्या भिंती उलगडून पसरल्या, तर एका ग्रॅमची जागा हजार चौरस मीटरच्या आसपास भरते. म्हणजे चिमूटभर कोळशात दहा गुंठे! हे ऐकल्यावर मामांनी सांगलीच्या विश्रामबागेतला जमिनीचा सध्याचा भाव मनात लावून पाहिला असावा, कारण ते बराच वेळ बोलले नाहीत.

वाफ त्या दहा गुंठ्यांत चिकटून बसते. पुढे इंजिन सुरू होऊन तापलं, की पर्ज व्हॉल्व नावाचा छोटा झडपवाला थोडी थोडी वाफ इंजिनात सोडतो आणि ती तिथे जळून जाते. फुकट जाणारी वाफ गाडी ओढायच्या कामी येते. मात्र डब्याची एकच अट असते: आत वाफ यावी, पेट्रोल येऊ नये. म्हणून टाकीच्या वरच्या अंगाला थोडी जागा मोकळी सोडलेली असते. जमिनीखालच्या टाकीतलं गार पेट्रोल गाडीत येऊन उन्हानं तापतं आणि दर दहा अंशांना साधारण एक टक्का फुगतं. पस्तीस लिटरची टाकी पंधरा अंशांनी तापली, की अर्धा लिटर पेट्रोल जागा मागायला लागतं. मी ती जागा राऊंड फिगरला विकून बसलो होतो.

“म्हणजे पेवच की,” मामा म्हणाले.

मामा हळदीच्या अडतीवर दिवाणजी होते. हरिपूरच्या बाजूला जमिनीत खोल पेवं असत, त्यांत हळद ठेवून तोंड बंद करायचे. हळद टिकायची छान. पण पेव उघडलं, की लगेच आत उतरायचं नाही, हा पहिला धडा. आधी हवा खेळू द्यायची. “कोंडलेल्या वस्तूला श्वास लागतो रे. तो घेऊ दिला नाही, तर ती आपला घेते.” एवढं बोलून मामांनी देवघरातली उदबत्ती विझल्याची खात्री केली आणि मगच मला बॉनेट उघडू दिलं.

दुसऱ्या दिवशी धुळवड होती. इंजिन रात्रभरात गार झालेलं. व्हॉल्वला दोन नळ्या आणि एक वायरचा जोड. काढायला दहा मिनिटं, नळीची क्लिप शोधायला अर्धा तास. ती मामांच्या चपलेत सापडली. वीज नसताना हा व्हॉल्व बंदच असायला हवा. मी तो स्वच्छ पुसला, तोंडाला लावला नि फुंकलं. हवा बासरीतून जावी तशी पलीकडे गेली.

“उगाच तोंडाची वाफ दवडू नकोस,” असं मला लहानपणापासून सांगणाऱ्या मामी ओसरीत उभ्या होत्या. आयुष्यात प्रथमच ती कारणी लागली होती.

व्हॉल्व तळहातावर आपटला, तेव्हा मशेरीसारखी काळी भुकटी पडली. पेट्रोलनं भिजून कोळशाचे दाणे फुटले होते आणि त्यांची भुकटी झडपेत अडकून बसली होती. झडप मिटेना, म्हणून वाफ वेळी-अवेळी इंजिनात शिरत होती. माझे दोन्ही हात धुळवडीला शोभतील असे झाले. शेजारच्या पोरांनी आदरानं पाहिलं.

दुकानं बंद होती, त्यामुळे नवा व्हॉल्व तिसऱ्या दिवशी मामांनी स्कूटरवरून आणला. तो बसवला, दिवा यंत्रानं पुसला, गावाबाहेर एक फेरी मारली. दिवा पुन्हा आला नाही. कॅनिस्टर मिस्त्रींना दाखवायचं ठरलं.

त्या दोन दिवसांत माझ्या लक्षात आलं, की मामांच्या घरात हे सगळं केव्हापासून बसवलेलं आहे. मामींचा पारा दिवसातून तीनदा चढतो. मामा त्यावर अवाक्षर काढत नाहीत. ते सगळं कुठेतरी मुरवून घेतात. संध्याकाळी कृष्णेच्या घाटावर मित्रांची बैठक तापली, की मग थोडं थोडं सोडतात. “आज सकाळी आमच्याकडे काय झालं...” एवढ्यावर गप्पांची गाडी मैलभर पुढे जाते. हे ऐकून मी त्यांना विचारलं, “मामा, तुमचा व्हॉल्व कधी अडकला नाही?” ते म्हणाले, “मी राऊंड फिगर करत नाही. ती शेवटचं वाक्य बोलली, की थांबतो. त्यावर आपलं एक घालून हिशेब पुरा करायला गेलं, की भिजलंच सगळं.”

मग माझ्या ध्यानात आलं, की आपला सगळा संसार त्या शेवटच्या थेंबासाठी चालतो. पिशवीत अजून एक कांदा बसतो. डब्यात अजून एक चमचा मावतो. पुरे म्हणणाऱ्याला आणखी एक वाढल्याशिवाय यजमानाला जेवल्यासारखं वाटत नाही. वाग्भटानं पोटाचे दोन भाग अन्नाला, एक पाण्याला आणि चौथा वाऱ्यासाठी रिकामा सोडायला सांगितला. हा नियम वैद्यांच्या आधी बहुतेक मामींच्या वाढण्यातून सुटला असावा.

पुढच्या आठवड्यात साताऱ्यात पंपावर गेलो. नळी खट् झाली. पोरगा वाकला, आकडा बघून कळवळला.

“साहेब, एकोणीसशे सत्तेचाळीस झालेत. राऊंड फिगर करू?”

“राहू दे,” मी म्हणालो. “हाही आकडा चांगला आहे.”

त्यानं माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. मी झाकण टिक् टिक् होईपर्यंत फिरवलं, किल्ली फिरवली आणि गाडी पहिल्या हाकेला उठली.

मात्र गाडीत अजून कटाच्या आमटीचा वास येत होता. सांगलीहून निघताना मामींनी मागच्या सीटवर डबा ठेवला होता, अर्थातच गळ्यापर्यंत भरलेला. आष्ट्याच्या अलीकडे एका खड्ड्यानं त्याचं झाकण उचललं होतं. दोन ग्रॅमच्या नियमात ही वाफ बसणारी नव्हती. पण तिच्यासाठी कोळसा ठेवावा, असं काही मला वाटलं नाही. मी काच वर केली.