आबा आणि सातबारा

आबांना भेटायला कुणी आलं की आई त्याला चहाआधी दिशा द्यायची. "मांगराकडे बघा, नाहीतर व्हाळात असतील." घर म्हणजे त्यांच्या लेखी उकडे तांदूळ, कुळीथ, सोलं आणि मुसळधार पावसात माणसं ठेवायची जागा. जेवायला आत यायचे, तेही उंबऱ्याजवळचा पाट धरून. हात धुतला की बाहेर पडायला बरं. कमरेची आकडी आणि तीत अडकवलेला कोयता तेवढ्या वेळापुरता पडवीतल्या खुंटीवर विसावायचा. उन्हाळ्यात झोपायचे खळ्यात, पावसात नाइलाजाने पडवीत.

आमची जमीन सांगण्यासारखी मोठी नव्हे. कुडाळपासून जरा आत, खाली मळ्यात भाताचे कुणगे, वर कातळाला टेकलेली भरड, मध्ये फणस, रतांबे आणि भाऊबंदकी. ती आमची झाली कूळकायद्याने. 1 एप्रिल 1957 हा कृषक दिन. त्या दिवसापासून कसणारी कुळं मालक मानली गेली. "तुझ्या आजाक एप्रिल फूल म्हायत नव्हता, म्हणान तेचो इश्वास बसलो," असं आबा सांगायचे. मालक झाले ते आजोबा आणि त्यांचे भाऊ मिळून. पुढे एकेक जण जात राहिला, वारसांची नावं चढत गेली आणि सातबारा एका पानात मावेनासा झाला. देशावर सातबारा हा जमिनीचा कागद असेल. कोकणात ती वंशावळ असते. आमच्या वंशावळीत लालबागचे काका होते, डोंबिवलीची आत्या होती, आणि श्राद्धाचे वडे आम्ही वर्षानुवर्षं खात आलो ते दोन चुलत आजोबाही खातेदार म्हणून अजून हयात होते.

सामाईक सातबाऱ्याला गावात सगळेच शिव्या देतात. आबांनी कधी दिली नाही. "नावां आसांदेत. त्या निमतान माणसां आठवतत तरी," म्हणायचे.

कागदावर वाटप नव्हतं, पण झाडांचं त्यांनी मनातल्या मनात करून टाकलं होतं. बांधावरचा बरका फणस आत्याचा, कारण लहानपणी तिला त्याच्याखाली विंचू चावला होता. विहिरीवरचा रायवळ आंबा धाकट्या काकांचा. तो का, हे एक फोड खाल्ली आणि काकांशी पाच मिनिटं बोललं की कळायचं. आम्ही मुलांनी फणसाला हात लावला की मळ्यातून हाक यायची, "रे, ता झाड आत्येचा! तेका इचारलंस?" आत्या डोंबिवलीत. तिला पत्र जाऊन उत्तर येईपर्यंत फणस पडून, फुटून, माश्यांच्या ताब्यात गेलेला असायचा.

1990 साली राज्यात रोजगार हमी योजनेतून फळबाग लागवड सुरू झाली. शंभर टक्के अनुदान, भरडीत काजू लावायचे, कलमं वेंगुर्ला जातींची. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने काजूच्या जाती काढल्या त्या अशाच हलक्या, डोंगरउतारावरच्या जमिनीचा विचार करून. आबा हरखले. फक्त एक अडचण होती, सगळ्या सहहिस्सेदारांची संमती. गावातल्या बऱ्याच जणांची भरड याच एका अटीवर ओसाड राहिली. आबांनी मात्र एका पिशवीत संमतीपत्रं आणि दुसरीत सोलं, कुळथाचं पीठ, वालयचे तांदूळ भरले आणि एसटीने मुंबई गाठली.

तेव्हा कोकण रेल्वे नव्हती. रोह्यापासून मंगळूरपर्यंत गाडी धावू लागली ती 1998 मध्ये. रात्रभराचा घाट आणि धक्के खाऊन आबा लालबागला उतरले, तिथून गिरगाव, मग डोंबिवली. प्रत्येक घरी आधी तांदूळ, मग जेवण, मग सगळ्यांची विचारपूस आणि शेवटी उठता उठता कागद. एका चुलत भावाने आमच्याशी कित्येक वर्षं बोलणं टाकलं होतं, कारण आता कुणालाच नीट सांगता येत नाही. त्याने कागद वाचला, सही केली आणि विचारलं, "व्हाळातल्या कोंडीत अजून मळवे गावतत?" आबांनी त्याला पुढच्या मिरगाला बोलावलं. तो आला. सह्यांच्या जोडीला आबांनी दोन लग्नांची बोलणी, एक जुनी पंचपाळ आणि भरडीला कुंपण कसं घालावं याविषयी मुंबईकरांचे भरपूर सल्ले आणले. सल्ले वाटेतच सांडले असावेत. वई त्यांनी आपल्या पद्धतीनेच घातली.

कलमं लावताना प्रत्येक ओळ एकेकाच्या नावाची. सगळ्यात वरची, जिथे पाणी खांद्यावरून न्यावं लागे, ती माझ्या बहिणीची. ती तेव्हा शाळेत होती, आणि पाणी तिलाच न्यावं लागे.

आबांचं वर्ष रोहिणीत सुरू व्हायचं. धूळवाफ्याची पेरणी उरकली की ते आभाळाकडे अशा नजरेने बघत, की ढगालाही थोडं ओशाळल्यासारखं व्हावं. मिरगाचा पहिला जोराचा पाऊस झाला की मासे व्हाळातून कुणग्यात चढायचे. वळगण! रात्री बत्ती घेऊन आबा पुढे, आम्ही मागे, आई खळ्यात वाटप वाटून तयार. पण गाबोळीने पोट फुगलेला मासा दिसला की आबा तो परत पाण्यात सोडायचे, आणि वळगणीला चढतात ते बहुतेक तसेच. आईचं वाटप मग कुळथाच्या सारात जायचं. हल्ली वळगणीची मासेमारी थांबवा म्हणून जाणकार कळकळीने सांगतात, ते वाचून आई म्हणते, "ह्यांनी माका ता फुकट सांगलेल्यान."

नोकरीमुळे मी पुण्यात फ्लॅट घेतला. बघायला आले तेव्हा किंमत, चौरस फूट, काहीच विचारलं नाही. "पावस खंयच्यान येता?" एवढंच. मला माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते घरात नव्हते. खाली सोसायटीच्या माळ्याशी त्यांचं मिरीच्या वेलावर बोलणं चाललेलं, आणि जाईपर्यंत मुक्काम तिथेच.

ते गेल्यावर वारस नोंद करायची होती. बहिणीने हक्कसोड लिहून द्यावं, अशी रीतच असल्यासारखं एक-दोघांनी सुचवलं. मुलींचा वडिलोपार्जित हक्क महाराष्ट्राने 1994 मध्येच मान्य केला आहे, पण आम्हाला कायद्यापर्यंत जावं लागलं नाही. वरची ओळ होतीच. आता ई-हक्क प्रणालीवरून असा अर्ज घरबसल्या करता येतो. आबांना त्यातलं 'घरबसल्या' पटलं नसतं, म्हणून आम्ही भावंडं तलाठ्याकडे चालत गेलो. त्यांना हल्ली ग्राम महसूल अधिकारी म्हणतात.

तुमच्याकडेही नोंद राहिली असेल तर करून घ्या. कायद्याने तीन महिन्यांत कळवायचं असतं. मृत्यूचा दाखला लागतो, वारसांचं प्रतिज्ञापत्र लागतं, आणि सगळ्यांची नावं लागतात. आत्यांची विसरू नका.