आधार दाखवा, मोटार विका

"वैनी, हाय का घरात? जरा भिंतीपाशी या. आज डोकं फिरलंय माझं."

"आले, आले. हात पिठाचे आहेत, थांबा. काय झालं काकू?"

"त्या चौकातल्या भंगारवाल्यानं मला आधार कार्ड मागितलं. मला! आमची ती जळलेली मोटार न्हवं का गोठ्यात पडलेली, वायंडिंगवाला म्हणाला हिच्यात काय राम न्हाई, म्हणून टेम्पोत घालून नेली. काट्यावर ठेवली, तर पोरगं म्हणतंय, 'काकू, आधारची झेरॉक्स द्या आन् मोबाईल नंबर सांगा.' अरं, तुझा बाप सायकलीवर पोतं टाकून फिरत हुता तवापासनं आमच्या दारात पाणी पितोय, म्हटलं. आन् तू माझी वळख मागतोस?"

"मग दिलंत का?"

"देतीय! तशीच परत आणली मोटार."

"पण काकू, उन्हाळ्यात नदीवरची केबल गेली तेव्हा सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं कोण म्हणत होतं, चोराला नंतर बघा, आधी घेणाऱ्याला धरा?"

"ते येगळं! ती चोरी हुती. लागणीचा ऊस, कृष्णेला पाणी आन् आमच्या पंपाला केबल न्हाई. त्या मेल्यांना लाईटीची पाळी तोंडपाठ असतीया बघा. रात्रीची लाईट नसली की बराबर येत्यात. कापली, वडली, फडात नेऊन जाळली. सकाळी काळं प्लास्टिक तेवढं मागं. तांबं लई महाग झालंय म्हणं. त्येला मिळाले असतील चार-पाच हजार. आमचं नवी केबल, मजुरी, वाळलेला ऊस, ते कुणी मोजायचं?"

"हे सगळीकडे असंच आहे. लाख रुपयांचं नुकसान करतात नि हजारात विकतात. इंग्लंडात हेन्री मूर नावाच्या मोठ्या शिल्पकाराचा ब्राँझचा पुतळा होता, दोन टनांहून जड. २००५ मध्ये चोरांनी क्रेनच्या ट्रकवर घालून नेला. किंमत म्हणे तीस लाख पौंड. पोलिसांचा अंदाज काय, तर तोडून भंगारात घातला, आणि हाती आले असतील फार तर दीड हजार पौंड."

"अगं बया! तेवढ्याला तर देवळातली घंटा बी कुणी न्हेणार न्हाई."

"नेतात की. तिकडे चर्चच्या छपराचं शिसं नेतात. आमची नणंद तिथंच असते ना, ती सांगत होती. शेवटी त्यांनी २०१२ मध्ये भंगाराचा रोख व्यवहारच बंद केला आणि २०१३ मध्ये नवा कायदा आणला. भंगारवाल्याला परवाना पाहिजे, विकणाऱ्याचं नाव-पत्ता कागद बघून तपासायचं, पैसे चेकनं नाहीतर बँकेत, आणि वह्या तीन वर्षं सांभाळायच्या. नणंदेनं जुना बॉयलर विकला तर तिलाही ओळखपत्र दाखवावं लागलं. तिला राग नाही आला."

"तिला न्हाई येणार. तिथं तिला वळखतंय कोण?"

हे मात्र काकूंचं खरं होतं, आणि वहिनींना उत्तर सुचेना म्हणून त्यांनी विषय वकील भावावर नेला.

"माझा भाऊ सांगतो, आपल्याकडे चोरीचा माल घेणाऱ्याला शिक्षा आहेच. पूर्वी ४११ कलम होतं, जुलै २०२४ पासून न्याय संहितेतलं ३१७ लागतं. तीन वर्षांपर्यंत. पण सिद्ध काय करायचं, तर माल चोरीचा आहे हे त्याला ठाऊक होतं, निदान तसं वाटायला जागा होती. भंगारवाला म्हणतो, साहेब, मला काय माहीत? आणि केबल जाळून तांब्याचा गोळा झाला की माहीत होण्यासारखं राहतंच काय त्यात?"

"मग रेल्वेचं लोखंड कसं न्हाई घेत ते? मिरजेच्या बाजूला इचारा, रुळाचा तुकडा दावला की हात जोडत्यात."

"कारण त्याला १९६६ चा वेगळाच कायदा आहे. रेल्वेचा संशयाचा माल तुमच्याकडे सापडला, की तो सरळ मार्गानं आला हे तुम्ही दाखवायचं. उलटा न्याय. म्हणून घाबरतात."

"आता कसं! तसाच आमच्या केबलीला पायजे. बंधाऱ्याचे लोखंडी बरगे चोरत्यात, त्येला पायजे. गटाराची बिडाची झाकणं नेत्यात, त्येला पायजे. झाकण नेलं की रातच्याला माणूस आत. त्येचा जीव कुठल्या भावानं इकायचा?"

"अहो काकू, झाकण काय घेऊन बसलात, लोकं पूल नेतात! बिहारमध्ये, रोहतास जिल्ह्यात, एप्रिल २०२२ मध्ये साठ फुटांचा लोखंडी पूल चोरला. कसा, माहितीय? पाटबंधारे खात्याची माणसं म्हणून आले. दिवसाढवळ्या जेसीबी, गॅस कटर लावून तीन दिवस तोडत होते. गावकऱ्यांना वाटलं, पूल जुनाच होता, सरकार काढतंय. उलट मदत केली. नंतर त्या खात्यातलाच एक अधिकारी पकडला."

"चहा बी पाजला असंल त्येंनी!"

"पाजला असेल. आणि बिहारला हसायचं कारण नाही, मुंबईत मालाडला २०२३ मध्ये नाल्यावरचा तात्पुरता पूल गेला. ९० फूट लांब, ६,००० किलो. पकडलेल्यांत ठेकेदाराचा माणूस होता."

"मग मला सांगा वैनी, त्या खात्याच्या सायबाकडं आधार नव्हतं व्हय? असणारच. प्यान बी असंल. ह्यो नियम अडवणार कुणाला? मला, आन् ती सकाळी पोतं घेऊन येती त्या बाईला."

वहिनी थोडा वेळ नुसत्याच बोटांचं पीठ काढत राहिल्या. माहेर पुण्याचं, त्यामुळे पोतंवाल्या बायांचं त्यांना काही नवं नव्हतं.

"त्या बायकांचं जरा वेगळं आहे हां. आमच्या पुण्यात त्यांची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत आहे, १९९३ पासूनची, बाबा आढावांच्या चळवळीतली. पूर्वी काय व्हायचं, कचऱ्यात पितळेचा नळ सापडला नि पोत्यात घातला, की पोलीस पहिल्यांदा तिलाच उचलणार. सोसायटीत सायकल गेली तरी तिच्यावरच नाव. मग पंचायतीनं त्यांना ओळखपत्रं दिली, महापालिकेनं त्यावर शिक्का मारला. आमच्या सोसायटीत यायची ती बाई कार्ड पदराला पिनेनं लावायची. कुणी हटकलं की आधी कार्ड पुढं. तिला कधी वाटलं नाही की ओळख मागितली म्हणजे अपमान झाला. उलट कार्ड नव्हतं तेव्हाच अपमान व्हायचा."

"ते बी खरं. पण तिला ते कार्ड तिच्याच लोकांनी दिलं. हितं आपलं मागत्यात."

"काकू, त्या पोराचीही बाजू बघा. पोलीस त्याच्या दुकानी येऊन जातात, वही दाखव म्हणतात. कर खातं वेगळंच. ऑक्टोबर २०२४ पासून नोंदणीवाल्या भंगारवाल्यानं नोंदणी नसलेल्या धंदेवाल्याकडून धातूचं भंगार घेतलं, तर त्यावरचा जीएसटी त्यानंच भरायचा. मग त्याला लिहून ठेवावं लागणारच, कुणाकडून घेतलं ते."

"मग त्येनं असं सांगायचं हुतं. झेरॉक्स द्या म्हणून काय हुकूम सोडायचा? आन् माझा खरा राग त्येच्यावर न्हाईच."

"मग?"

काकूंनी मागं वळून बघितलं. पडवीत काका पेपर वाचत होते. आवाज उतरला.

"त्यो म्हणाला, पैसे रोख देत न्हाई, फोनवर टाकतो. आता फोन कुणाचा? ह्येंचा. खातं कुणाचं? ह्येंचं. वैनी, लगीन झाल्यापासनं रद्दी, बाटल्या, पत्रा, फुटकी बादली, सगळं इकायचं काम माझं आन् पैसा बी माझा. कधी कुणी हिशोब इचारला न्हाई. त्याच पैशातनं मी भिशी लावली, नातीला पैंजण केलं. आता मोटारीचे पैसे ह्येंच्या फोनात टिंग करून वाजणार, आन् हे इचारणार, कशाचे आले ग?"

"अय्या, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं."

"तुमचं काय, तुमचा फोन तुमच्याजवळ."

"मग माझ्या नंबरवर घ्या की पैसे. मी काढून देते."

"मग आधार बी तुमचंच द्यावं लागंल न्हवं? उद्या मोटार चोरीची निघाली म्हणजे?"

"चोरीची? तुमचीच आहे ना?"

"हाय आमचीच. पण कागद कुठं हाय तिचा? ह्येंच्या थोरल्या भावाच्या वाटणीतनं आलीया, आन् ते अजून म्हणत्यात दिलीच न्हाई म्हणून."

"काकू! मग ठेवा गोठ्यातच."

"ठेवतीया. बरं, रद्दीला आधार मागत न्हाई न्हवं त्यो?"

"रद्दीला कोण मागतंय."

"मग एक तारखेपासनं पेपर दोन लावते. ह्येंना म्हणते, शेतीची माहिती चांगली येतीया दुसऱ्यात."