चौदा शिपाई, स्वयंपाकी एकही नाही

या वहिनी, या. तिथून नको, जास्वंदीच्या बाजूने या, इकडे भिंत बुटकी आहे. कढीपत्ता ना? तोडते की. आणि काल दुपारपासून पोटात दुखतंय ते विचारून टाका आधी. खोक्याचं ना? मला ठाऊकच होतं. कुरिअरवाला फाटक उघडत होता तेव्हा तुमच्या स्वयंपाकघराचा पडदा हलला, बघितला मी.

वॉशिंग मशीन नाही हो. मिक्सरही नाही. गाव आहे. अख्खं गाव, 3304 तुकड्यांतलं.

हसा, हसा. मीही हसले होते. मग बिल बघितलं.

अहो, धाकट्याचा उद्योग, दुसरं कोण! अडतीस वर्षांचा घोडा झालाय, पण लेगोचं वेड काही सुटत नाही. ती डेन्मार्कची पिवळ्या तोंडाची माणसं, बोटाच्या दोन पेरांएवढी. मूठ अशी अर्धी उघडी, त्यात तलवार अडकवायची नाहीतर झाडू. पण झाडू कोण अडकवतंय! सगळी भांडणं तिथूनच सुरू होतात. म्हणजे धाकट्याची आणि त्या कंपनीची. त्यांना बिचाऱ्यांना याची खबरही नाही, पण आमच्या जेवणाच्या टेबलावर त्यांची रोज हजामत होते.

झालंय असं, की ही हातपाय हलवणारी माणसं त्यांनी 1978 साली काढली आणि त्याच सुमारास एक किल्लाही काढला. पिवळाधमक, हळदीच्या पाण्यात बुडवून काढल्यासारखा. त्याचा फोटो दाखवत होता मला परवा. किती माणसं, म्हटलं. चौदा. कोण कोण? सरदार आणि शिपाई, शिपाई आणि सरदार. चौदाच्या चौदा! आणि सगळ्यांच्या तोंडावर तेच एक हसू. मी सहज विचारलं, "अरे, मग यांच्या भाकऱ्या कोण थापतं?" तर त्याने टेबलावर हात आपटला. "आई, तेच तर म्हणतोय मी गेली वीस वर्षं!"

आमचं दोघांचं एकमत झालं म्हणून हे पेपरातून डोकं वर काढून बघायला लागले.

तर त्याला हवीत साधी माणसं. मध्ययुगातली, पण चिलखत न घातलेली. भटारखान्यातला आचारी, कोंबड्या विकणारी म्हातारी, कपडे बडवणारी बाई, ओझ्याखाली वाकलेला हमाल. त्याचं म्हणणं, त्या काळच्या युरोपात दहातली नऊ माणसं शेतात राबत होती आणि खेळण्यांत बघावं तर दहातले नऊ घोड्यावर. तेवढे घोडे पोसायला गवत कोण कापत होतं? बरोबर आहे की नाही?

आणि ही माणसं कशी दिसायची ते कुणाला माहीत नाही असंही नाही बरं का. लंडनला ब्रिटिश लायब्ररीत चौदाव्या शतकातली एक पोथी आहे, लटरेल साल्टर म्हणतात तिला. लिंकनशायरच्या कुणा सरदाराने करून घेतलेली. प्रार्थनेची पोथी, सगळी देवाची स्तोत्रं. पण चित्रकाराने समासात काय काय काढून ठेवलंय! नांगराला बैल जुंपलेत, एकजण बी फेकतोय, एक बाई कोंबड्यांना दाणे टाकतेय. एका पानावर मेंढ्यांचा वाडा आहे, दाटीवाटीने उभ्या मेंढ्या, एक बाई त्यांतच बसून धार काढतेय आणि दोघीजणी डोक्यावर भांडी घेऊन बाहेर पडतायत. मोबाईलवर मोठं करून दाखवलं त्याने. मी म्हटलं, अरे, ही तर आपली गवळण! तो म्हणाला, "मग हीच हवीय मला. चार सेंटिमीटरची."

तशी अगदीच कुणी नाहीत असं नाही हं. बारा-सोळा माणसांची एक-एक मालिका काढतात ते, 2010 पासून. प्रत्येक माणूस वेगळ्या पुडीत, पण पुड्या सगळ्या सारख्या, आत कोण ते फोडल्याशिवाय कळायचं नाही. मग आमचे चिरंजीव मॉलमध्ये त्या दुकानात उभे राहून पुड्या चाचपायचे. तासतासभर! दारावरचा वॉचमन बघतोय, बिलावरची पोरगी बघतेय आणि मी पलीकडे बाहुल्यांच्या कपाटापाशी, जणू हा कुणाचा कोण. एकदा कंटाळून मीच म्हटलं, आण इकडे. वहिनी, आयुष्य गेलं माझं वाल सोलण्यात, माझ्या बोटांना कळणार नाही? तो भाट शोधत होता, 2022 च्या मालिकेतला, वाद्य वाजवत गावोगाव फिरणारा. तिसऱ्या पुडीत लागला हाताला, वाद्याचा गोल पोटाळ भाग आणि पुढे दांडी. फोडून बघितलं तर तोच. त्या दिवशी पोराने मला न मागता आइस्क्रीम खाऊ घातलं.

आता गेलं ते सगळं. 2023 पासून पुड्यांऐवजी पुठ्ठ्याच्या डब्या आल्या. चाचपा काय चाचपायचं ते.

पण त्या मालिकांतही निघतं कोण? राजा निघतो, राणी निघते, विदूषक निघतो, हातावर ससाणा बसवलेली एक मोठ्या घरची बाई निघाली मध्ये. सरदार तर विचारू नका, बरा सरदार, वाईट सरदार, भुताचा सरदार. आणि 2024 साली कुठे एक शेळ्या राखणारी निघाली. अहो, ती आली त्या दिवशी घरात सत्यनारायण असल्यासारखं वातावरण!

शेळीचंच ऐका मग. 2011 साली एका गिरणीच्या गावाचा खोका निघाला होता, त्यात शेळी होती. नंतर बंद झाली. मग जुन्या मालाच्या बाजारात त्या प्लास्टिकच्या शेळीचा भाव असा चढला, असा चढला, की तेवढ्यात आमच्या गावाकडे खरी दुभती मिळाली असती. तेरा वर्षं लोक तिची वाट बघत होते. तेरा! आणि 2024 मध्ये ती परत आली, याच खोक्यात, काल तुम्ही पडद्याआडून बघितलेल्या. मध्ययुगातला गावचौक आहे तो. सुतार आहे, विणकर आहे, चीज करणारे आहेत, गुत्ता आहे. माणसं आठच, पण बहुतेक कामाधंद्याची. आता समजलं ना, पैसे कशाला घातले ते? समजलं नाही? मलाही पूर्ण नाही समजलेलं.

याच्या आधी 2009 साली असाच एक बाजाराचा खोका आला होता म्हणे, त्यात पहिल्यांदा गाय आली. म्हणजे बघा, 1978 पासून किल्ले बांधतायत आणि गाय आली 2009 साली. एकतीस वर्षं दूधच नव्हतं त्या राज्यात! मधल्या काळात लोहाराचं दुकान आलं होतं, 1984 साली, नाही म्हणायला. पण लोहार काय, तो तलवारी करतो, म्हणजे शिपायांच्याच पंगतीतला. परवाचाच बघा ना, 2021 चा लोहाराचा मोठा खोका. दोन हजारांवर तुकडे, खाली भट्टी, वर राहतं घर, सगळं झकास. माणसं चार. एक लोहार, एक तिरंदाज आणि दोन शिपाईगडी. लोहाराच्या घरात राहायलासुद्धा लष्कर.

आणि बायकांचं तर विचारूच नका. त्या जुन्या खोक्यांत एखादी बाई असायची, पण तिला पाय नसायचे. म्हणजे घागरा म्हणून एक उतरता ठोकळा लावलेला असायचा कमरेखाली, अखंड. शिपायाचे पाय वाकतात, तो घोड्यावर बसतो, खुर्चीवर बसतो. हिला बसताच यायचं नाही! सकाळपासून रात्रीपर्यंत उभी. मी धाकट्याला म्हटलं, या एका बाबतीत मात्र त्या कंपनीने नीट अभ्यास केलेला दिसतोय. हे हसले नाहीत.

साधी माणसं का काढत नाहीत म्हणता? त्याचंही त्याच्याकडे उत्तर आहे, ऐकून ऐकून मला पाठ झालंय. पोरांना तलवार हवी, हे तर झालंच. पण खरी मेख दुसरीच आहे. काही हौशी लोक एकच शिपाई वीस-वीस, पन्नास-पन्नास घेतात, फौज उभी करायला. शिपाई सगळे सारखे असले तरी चालतात, गणवेशच असतो त्यांचा. पण बाजार भरवायचा तर सारखी माणसं घेऊन कसं चालेल? दहा भोपळेवाल्या, दहाही एकाच तोंडाच्या, एकाच पदराच्या! लोक म्हणतील दहा बहिणी एकाच गावात दिल्यात. म्हणजे बाजाराला माणूस वेगळा हवा, तोंड वेगळं, टोपी वेगळी, हातातलं सामान वेगळं. साचे जास्त, खप कमी. मला पटलं ते. आपल्याकडे लग्नात बँडवाले सारख्या कपड्यांत चालतात, पण पंगतीत सगळ्या एकाच साडीत बसल्या तर कसं दिसेल?

हल्ली बसतात म्हणा. तुमच्या पुतणीच्या लग्नात नव्हत्या का बसल्या... बरं राहू दे.

थोरल्याकडे जर्मनीला गेलो होतो ना आम्ही, तिथे त्यांचं वेगळंच दैवत आहे, प्लेमोबिल. 1974 चं. हान्स बेक म्हणून होते, त्यांनी केलेलं. त्यांची माणसं उंच, साडेसात सेंटिमीटर, आणि नाकच नाही कुणाला. पण त्यांनी पहिल्या खेपेला सरदार काढले, अमेरिकेतले आदिवासी काढले आणि त्यांच्याबरोबर बांधकामावरचे मजूर काढले. पहिल्याच खेपेला मजूर! मी धाकट्यासाठी त्यांचीच एक शेतकरीण घेऊन आले मोठ्या हौसेने. तर तो म्हणतो, "आई, स्केल बसत नाही." अहो, खरंच नाही बसत. त्यांची शेतकरीण याच्या राजाला काखोटीला मारून घेऊन जाईल.

स्केल म्हटल्यावर मला आपले दिवाळीतले किल्ले आठवले. आपण कधी बघितलं होतं स्केल? चिखल, पोती, विटांचे तुकडे, वर अळीव पेरायचे, आणि मग कुंभारवाड्यातून चित्रं आणायची. चित्रंच म्हणायचो ना आपण, बाहुली नाही, मूर्ती नाही. महाराज बुरुजाएवढे, वाघ घराएवढा, आणि मावळे पायरीवर मावायचे नाहीत. पण वहिनी, आपल्या किल्ल्यावर माणसं होती! गवळण होती, वासुदेव होता, नांगरवाला होता, भाजीवाली टोपली घेऊन बसलेली असायची. बसलेली बरं का. महाराजांच्या गडावर बाई बसू शकत होती.

आणि रायगडावर काय नुसते शिपाई राहत होते? बाजारपेठ आहे वर, दुकानांची जोती समोरासमोर दोन ओळींत अजून दिसतात. आणि गडावरच्या एका बुरुजाला नाव कुणाचं? हिरकणीचं. दूध घालायला आलेली बाई, दरवाजे बंद झाले, घरी तान्हं बाळ, कडा उतरून गेली अशी गोष्ट. एवढे लढवय्ये त्या गडावर, पण त्या बुरुजाला नाव गवळणीचं. हे मी धाकट्याला सुनावलं तेव्हा पहिल्यांदाच तो गप्प बसला. मग म्हणाला, "आपल्याकडची आहेत का गं अजून ती चित्रं?"

माळ्यावर चढले. डालड्याच्या डब्यात कागदात गुंडाळून ठेवलेली, थोरल्याच्या लहानपणची. मावळे नऊ निघाले, सहा धड. तुतारीवाला एक, तुतारी गेलेली. आणि गवळण. तिची मान तुटलेली होती, यांनी केव्हातरी फेविकॉलने चिकटवलेली, त्यामुळे ती जरा तिरकं बघते, तुम्ही माझ्याकडे बघताय तशी. डोक्यावर दोन मडकी, वरचं फुटकं. रंग उडालाय, पण ओठांवरचा लाल ठिपका तसाच. कुणी एका फटक्यात कुंचला टेकवून पुढच्या गवळणीकडे वळलं असेल. वीस पैशांची असेल तेव्हा.

काल रात्री तो गाव अर्धा जोडून झोपला. मी सकाळी दूध तापत ठेवलं आणि हळूच जाऊन ती तिथे विणकराच्या दाराशी उभी केली. विणकराच्या छपरापर्यंत पोचते. उठून आला, बघितलं. मला वाटलं, आता स्केल काढतोय. काही बोलला नाही. चहा प्यायला, परत गेला. थोड्या वेळाने ऐकू आलं, "आई, हिची माती सांडतेय गं चौकात." म्हटलं, सांडू दे, गावात माती असायचीच. आंघोळीला गेला.

काढली नाही अजून तरी. मगाशीच बघून आले.

काय म्हणता? तुमच्याकडे आहे? वाणी? तराजू घेऊन बसलेला? अहो, मग हे आधी नाही का सांगायचं, मी आपली बडबड करतेय! एक पारडं नसलं म्हणून काय झालं. साताऱ्याचं आहे का, तुमच्या माहेरचं? मग तर द्याच. संध्याकाळी पेपरात गुंडाळून इथे भिंतीवर ठेवा, मी उचलते. फाटकातून नको, हे विचारत बसतील. आणि हा घ्या कढीपत्ता, एवढा पुरे ना? तुमच्या दुधाचा वास येतोय बघा, उतू गेलं वाटतं.