अठरापगड गाडी

चंद्रपुरात मे महिन्यात पारा ४७-४८ अंशांच्या घरात असतो. अशा गावात बिनछपराची मोटार बांधायचं मनात आणणारा माणूस एक तर रसिक असावा, नाही तर उन्हात उभ्या असलेल्या गाडीच्या सीटवर त्याने कधी बूड टेकलेलं नसावं. तरी अशी माणसं आमच्याकडे आहेत. रात्री मोबाइलवर अमेरिकेतल्या हॉट रॉड, म्हणजे कापूनछाटून पळायला हलक्या केलेल्या जुन्या मोटारी, बघायच्या आणि सकाळी कबाडीच्या दुकानावरून जाताना चाल मंद करायची, हा त्यांचा नित्यनेम. भंगारात पडलेल्या फियाटच्या बोनेटकडे ते ज्या मायेनं बघतात, ती माया घराच्या वाट्याला आली असती तर गळकी मोरी केव्हाच दुरुस्त झाली असती.

हा नाद मूळचा दक्षिण कॅलिफोर्नियातल्या पोरांचा, १९३० च्या आसपासचा. फोर्डची ‘मॉडेल टी’ १९२७ मध्ये बंद झाली तोवर तिच्या दीड कोटी गाड्या निघाल्या होत्या. त्यामुळे भंगारात फोर्ड हवी तेवढी. १९३२ मध्ये फोर्डनं सामान्य खिशाला परवडेल असं ६५ अश्वशक्तीचं व्ही-८ इंजिन आणलं. पोरांनी मडगार्ड काढले, बोनेट काढलं, छप्पर कापून बुटकं केलं आणि सुकलेल्या तळ्यांच्या सपाट भुईवर गाड्या पिटाळल्या. महायुद्ध संपल्यावर बिल बर्क नावाच्या गड्यानं लढाऊ विमानाच्या पोटाखाली लटकवायची इंधनाची टाकीच घेतली, तिला चाकं लावली आणि आत बसून पळवली. जानेवारी १९४८ मध्ये ‘हॉट रॉड’ नावाचं मासिकही निघालं. नादाला मासिक मिळालं की त्याचा छंद होतो, आणि मग घरच्यांना बोलायला जागा उरत नाही.

या कामात वेल्डिंग सोपं, जुळवणी अवघड. एका गाडीचं इंजिन, दुसरीचा गिअरबॉक्स, तिसरीचं हौसिंग: हे सोयरीक जमवण्याचंच काम आहे. इंजिन चांगल्या घराण्यातलं असतं, पण गिअरबॉक्सच्या तोंडाशी त्याचे बोल्ट जुळत नाहीत. मग लेथवाल्याकडून एक जाड प्लेट कातून मध्यस्थ म्हणून बसवायची. क्लचप्लेट कुणाकडची घ्यायची यावरून मानापमान होतात. इंजिन फारच तालेवार निघालं तर मागचे क्राउन-पिनियन दात टाकतात. एवढं करून सगळं जमलं, तर रेडिएटर बोनेटखाली मावत नाही आणि रुसून बाहेर बसतो. हॉट रॉडचं इंजिन उघडं का ठेवतात, याची शास्त्रीय कारणं जाणकार सांगतात. माझा संशय या रुसव्यावरच आहे.

ही भेसळ फक्त हौशी लोकांनी केली असंही नाही. ‘ओरिजिनल’ म्हणून आपण ज्या जीपची मिजास मारतो तिचंच बघा. विलिस जीप अमेरिकेची, युद्धासाठी घडवलेली. महिंद्रांनी १९४० च्या दशकाअखेर तिचे सुटे भाग मागवून मुंबईत जुळवणी सुरू केली. पुढं डिझेलची गरज पडली तेव्हा त्याच घडणीच्या पत्र्याखाली ट्रॅक्टरचं ‘इंटरनॅशनल’ इंजिन गेलं, आणि त्यानंतर फ्रान्सच्या प्यूजोचं २११२ सीसीचं. साहेबांची पांढरी अॅम्बेसेडर मुळात इंग्रजांची मॉरिस ऑक्सफर्ड. १९९२ पासून तिला जपानच्या इसुझूचं इंजिन मिळालं. टेंपो ट्रॅक्सचं डिझेल इंजिन तर मर्सिडीजच्या घडणीचं. म्हणजे नागभीडहून ब्रह्मपुरीला काळीपिवळी ट्रॅक्समध्ये एका बुडावर बसून, मांडीवर दुसऱ्याचं पोरगं आणि पायात तिसऱ्याची कोंबडी घेऊन निघालेल्या माणसानं मर्सिडीजच्या इंजिनावर प्रवास केलेला असू शकतो. त्याला हे कुणी सांगितलं नाही, इतकंच. सांगितलं असतं तर भाडं वाढलं असतं.

म्हणून आमच्याकडच्या मिस्त्रीला हॉट रॉडचा फोटो दाखवला तरी तो चकित होत नाही. नीट बघतो आणि विचारतो, “याचे मडगार्ड काहून काढले, भाऊ?” वजन कमी होतं, गाडी पळते, असं सांगावं तर म्हणतो, “अन् पावसाळ्यात चिखल कोन खाते?” या प्रश्नाला कॅलिफोर्नियाकडे उत्तर नाही. तिथं तळीसुद्धा कोरडी. आमच्या शेजारच्या गडचिरोली जिल्ह्याचा तीन चतुर्थांश मुलूख जंगलाचा आहे. भामरागडला पर्लकोटा नदीच्या पुलावरून पाणी गेलं की पलीकडची गावं जगापासून तुटतात. तिकडं जाणारी गाडी भुईपासून जितकी वर तितकी बरी. हॉट रॉडवाले तीच गाडी हौसेनं भुईला टेकवतात. अमेरिकेत रस्ता आधी झाला आणि मग गाडी बुटकी झाली. आमच्याकडे गाडी आधी पोचते आणि रस्ता पुढच्या बजेटात मंजूर होतो.

छप्पर उतरवलेल्या गाड्यांची जत्रा मात्र हंगामात पहाटे पहाटे आमच्याच मुलखात भरते, ताडोबाच्या मोहर्ली फाटकावर. ओळीनं उभ्या जिप्सी, मागची सीट उंच केलेली, वर आभाळ. मुळात ही जपानच्या सुझुकीची गाडी, मारुतीनं १९८५ मध्ये आणलेली. २०१९ मध्ये ती सामान्य गिऱ्हाइकाला मिळेनाशी झाली. बाजारातून गेली, जंगलातून गेली नाही. आता एका जिप्सीचा जीव दुसऱ्या जिप्सीच्या मरणावर तगतो, आणि जंगलात त्याचं कुणाला वावगंही वाटत नाही. वाघ दहा पावलांवर येऊन बसला की मुंबई-पुण्याचा पाहुणा इंजिन मूळचं आहे का, हे विचारत नाही. सुरू होईल ना, एवढंच हळू आवाजात विचारतो.

कायद्याला मात्र असं अठरापगडपण मानवत नाही. मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम सांगतं की कंपनीनं ठरवलेल्या मूळ घडणीत मालकानं मनानं फेरफार करू नयेत. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तेच बजावलं. यात कायद्याचं चुकतं असं म्हणवत नाही. इंजिन एका गाडीचं, ब्रेक दुसरीचे आणि हिंमत मालकाची, असली मोटार शाळा सुटायच्या वेळी चौकातून जाऊ नये, असं मलाही वाटतं. पण आरसी बुक भाबडं असतं. एक चेसिस नंबर, एक इंजिन नंबर, एक रंग, एवढ्यावर त्याला गाडी ओळखल्यासारखी वाटते. गाडीची खरी ओळख तिच्याखाली सतरंजी टाकून झोपलेल्या माणसाला असते. कोणता आवाज पाट्याचा, कोणता सायलेन्सरचा आणि कोणता नुसता तिच्या स्वभावाचा, हे त्याला कागदाविना कळतं.

सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावच्या दत्तात्रय लोहार यांना ते कळत असणार. यशवंतराव चव्हाणांच्या या जन्मगावी त्यांनी मुलाच्या हौसेसाठी भंगारातून एक छोटी चारचाकी बांधली. खर्च सुमारे ६० हजार रुपये. चारचाकी असून सुरू व्हायची स्कूटरसारखी किक मारून. डिसेंबर २०२१ मध्ये तिची चित्रफीत महिंद्रा कंपनीच्या आनंद महिंद्रांच्या नजरेस पडली. ही गाडी नियमात बसत नाही, आज ना उद्या तिला रस्त्यावर अडवतील, हे त्यांनी लिहिलं. पण कारागिरीला दादही दिली आणि बदल्यात बोलेरो देऊ केली. जानेवारी २०२२ मध्ये अदलाबदल झाली. सुटे भाग मागवून जीप जुळवण्यापासून मोटारींच्या धंद्याला सुरुवात केलेल्या कंपनीला जुळवणीवाल्याची गाडी ओळखू आली, यात नवल नाही.

बाजारभावानं बघितलं तर हा सौदा लोहारांच्या फायद्याचा, आणि त्यांच्या घरी मोठी गाडी आली याचा आनंद आहेच. पण कबाडीच्या दुकानापाशी चाल मंद करणाऱ्या आमच्या मंडळींना विचारलं, तर ते थोडं थांबून उत्तर देतील. त्यांना गाडी हवी असते ती कुठं जायला नव्हे. पोचण्यासाठी एसटी आहे, काळीपिवळी आहे. त्यांना संध्याकाळी हात काळे करायला काहीतरी हवं असतं, आणि ते काम संपू नये अशी आतून इच्छा असते. शोरूममधून आलेल्या गाडीत त्यांच्या दृष्टीनं मोठी खोट एकच: ती बरेच दिवस बिघडत नाही, आणि बिघडली तरी तिचं बोनेट दुसराच कुणीतरी उघडतो.