दीड तिकिटातली मुंबई

आमच्या पारनेर तालुक्यात पाणी ही कौतुकानं बघायला जायची गोष्ट आहे. मांडओहोळ धरण भरलं की लोक सहकुटुंब सांडव्यापाशी जाऊन फोटो काढतात. अशा मुलखातल्या माणसाला एकदम मुंबईचं बंदर दाखवणं म्हणजे जोखीमच. ह्यांनी गेटवेच्या कठड्याला टेकून समुद्राकडे बराच वेळ पाहिलं आणि सुस्कारा सोडला, "एवढं पाणी, पण कांद्याला उपयोग नाही."

लग्न झाल्यापासून आमची मुंबई ‘कांद्याला भाव आला की’ या अटीवर अडकली होती. ती अट शेवटी सरकारनं मोडली. मार्च २०२३पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं आणि ह्यांनी डायरीत हिशेब मांडला: माणसं दोन, तिकीट दीड, मुक्काम चेंबूरला चुलतदिरांकडे. पारनेरच्या बहुतेक घरांतलं कुणी ना कुणी मुंबईत असतंच, त्यामुळे लॉज नावाची चीज आमच्याकडे कधी रुजलीच नाही. ज्वारीच्या भाकरी आणि ठेचा बांधून टाकळी ढोकेश्वरला लालपरीत बसलो. आळेफाट्याला चहा ह्यांनी नाकारला. माळशेज घाटातली हवा मात्र फुकट असल्यानं खिडकी सताड उघडून भरपूर घेतली.

माझे वाचलेले पैसे हे जमेच्या बाजूला लिहायला लागले, तेव्हा मी डायरीवर हात ठेवला. "अहो, सवलत सरकारनं मला दिलीय, तुम्हाला नाही." त्या क्षणी माझा स्वतंत्र अर्थसंकल्प सुरू झाला.

मुंबईत ह्यांचं धोरण एकच: फुकट ते आधी. म्हणून पहिला मान गेटवेला. राजा पंचम जॉर्ज १९११ साली येऊन गेला आणि त्याच्या स्वागताची ही कमान पुरी झाली १९२४ साली. हे ऐकून ह्यांना मुंबई एकदम घरची वाटायला लागली. आमच्याकडचे पूलही मंत्री बदलल्याशिवाय पुरे होत नाहीत. पण घारापुरीच्या लाँचचा दर ऐकला आणि हे तीन पावलं मागं सरले.

तोडगा चुलतदिरांनी काढला. "दादा, भाऊच्या धक्क्यावर जा आणि मोऱ्याची लाँच पकडा. तेच बंदर, तीच हवा, पैसे कमी."

दुसऱ्या दिवशी हार्बरच्या लोकलनं डॉकयार्ड रोडला उतरलो आणि मासळीच्या वासाचा माग काढत धक्का गाठला. मूळचा धक्का १८४१ साली भाऊ अजिंक्य नावाच्या गृहस्थांनी बांधला. भरावासाठी त्यांनी शहरातलाच कचरा वापरला, असं सांगतात. ह्यांनी डोक्यावरची टोपी नीट केली. "माणूस हिशेबी होता," एवढंच म्हणाले, पण आमच्या घरात याहून मोठी पदवी नाही.

लाँच पाण्यावर वरखाली होत होती. खलाशानं हात पुढं केला, मी डोळे मिटून पाऊल टाकलं. आत उरणची माणसं पिशव्या, टोपल्या, गॅसची शेगडी असलं काहीबाही घेऊन बसलेली. समोरचा गृहस्थ तोंडावर पेपर पसरून घोरत होता. आम्ही ज्याच्यासाठी घाट उतरून आलो, तो समुद्र त्याला रोजचाच. नांगर टाकलेली जहाजं इतक्या जवळून गेली, की त्यांच्या पत्र्यावरचा गंज आणि कडेला वाळत घातलेला शर्टही दिसला. लांबवर घारापुरीचा डोंगर उठला, तशी ह्यांनी पायातली चप्पल काढून त्रिमूर्तीला हात जोडले. "झालं दर्शन," म्हणाले आणि डायरीत एक खर्च खोडला.

पुढं न्हावा शेवाच्या क्रेन दिसू लागल्या. १९८९ साली सुरू झालेल्या या बंदरातूनच नगर-नाशिकचा कांदा दुबईला, मलेशियाला जातो, असं पेपर बाजूला सारून त्या झोपाळू गृहस्थानंच सांगितलं.

"बघा, आहे की कांद्याला उपयोग," मी म्हटलं.

"निर्यातबंदी नसेल तेव्हा," हे म्हणाले.

परतल्यावर धक्क्याबाहेर मी सुके बोंबील घ्यायला बसले. ह्यांनी भावात तोंड घातलं, तशी कोळीण म्हणाली, "दादा, पैसं कोन देतंय? बाय ना? मंग तू गप ऱ्हा." मी स्वतःच्या अर्थसंकल्पातून ऐटीत नोटा काढल्या. "एसटीत वास सुटेल, लोक शिव्या देतील," हे चेंबूरपर्यंत पुटपुटत होते.

वास सुटलाच. पेपर, प्लास्टिक आणि ह्यांचा टॉवेल अशा तिहेरी बंदोबस्तातूनही सुटला. कल्याणला शेजारी टेकलेले मामा मुरबाडलाच पुढच्या सीटवर गेले. माळशेज चढेपर्यंत मागची सीटही मोकळी झाली. ह्यांनी आधी इकडेतिकडे पाहिलं, मग पाय लांब केले, टोपी डोळ्यांवर ओढली आणि म्हणाले, "पुढच्या खेपेला किलोभर घेऊ."