मिस्टर कपात

पगारवाढीच्या बैठकीत साहेबांनी बाईंचं काम तोंड भरून वाखाणलं. हिशेब वेळेत, ऑडिटचा एक शेरा नाही, रजा शिल्लक. मग खुर्चीत रेलून चहाचा घोट घेत त्यांनी अगदी घरच्यासारखं विचारलं, "मिस्टर काय करतात?"

मिस्टर नोकरी करतात, असं उत्तर आलं की वाढ 6 टक्के. चांगल्या कंपनीत आहेत, असं आलं की 4. फ्लॅटचं कर्ज फिटलंय, हे बाई भोळेपणाने बोलून गेल्याच, तर "मग तुम्हाला काय कमी आहे!" आणि विषय संपला. शेजारच्या टेबलावर दोन वर्षं मागून आलेला, बाईंनीच टॅली शिकवलेला एक चिरंजीव बसतो. त्याला 12 टक्के, कारण त्याच्यावर घर चालतं. तो अविवाहित आहे, वडिलांच्या घरात राहतो, आईच्या हातचा डबा आणतो. त्याच्या पगारावर चालतो तो फक्त बुलेटचा हप्ता. पण तो उद्या लग्न करेल, मुलं होतील, त्यांच्या शाळेच्या फिया भराव्या लागतील. कंपनी दूरदृष्टीची असल्याने ती तरतूद आजच करते. त्याचं लग्न बँकेतल्या मुलीशी ठरलं की हेच साहेब पेढा खात म्हणतील, "वा, दोन पगार! नशीबवान आहेस." मिसेस कमावते म्हणून याचा पगार कमी करू, हे त्यांच्या स्वप्नातही येणार नाही.

माझी सूचना साधी आहे. ही पद्धत चोरून कशाला चालवता? रीतसर करा. पगाराच्या स्लिपवर भविष्य निर्वाह निधी, व्यवसाय कर आणि त्याखाली ठळक अक्षरांत 'मिस्टर कपात' असा रकाना काढा. महागाई निर्देशांकासारखा मिस्टर निर्देशांक दर तिमाहीला जाहीर करा. मिस्टरांना प्रमोशन मिळालं की बाईंची कपात वाढेल. त्यांची नोकरी गेली की मागच्या फरकासह परतावा मिळेल, अर्थात मिस्टर घरीच बसल्याचा गॅझेटेड अधिकाऱ्याचा दाखला जोडल्यावर. ज्यांना मिस्टरच नाहीत त्यांना पूर्ण पगार द्यावा लागेल ही भीती नको. अविवाहित मुलीकडून 'लग्न करून जाणारच' या सदरात आगाऊ कपात करता येते. लग्न झालं की 'आता बाळंतपण' हे सदर आहेच, 2017 पासून 26 आठवड्यांची भरपगारी रजा आल्यापासून तर ते फारच भरभराटीला आलंय. मूल झालं की 'लक्ष घरात असतं'. मूल कॉलेजला गेलं की 'आता राहिली किती वर्षं'. विधवा असेल तर 'मुलगा कमावता आहे का' हा पूरक प्रश्न. घटस्फोटितेला पोटगीचा आकडा विचारावा. यातूनही एखादी सुटलीच, तर भावाची चौकशी करावी. लोक आयकरवाल्यांपासून सोनं लपवतात तशा बायका मिस्टर लपवू लागतील. सोसायट्यांवर धाडी पडतील, आणि गॅलरीत वाळत घातलेल्या बनियनच्या आधारे वसुली निघेल.

व्यवसाय कराचा उल्लेख आला म्हणून सांगतो. महाराष्ट्रात महिना 25,000 रुपयांपर्यंत पगार असलेल्या बायकांना हा कर माफ आहे. पुरुषाचा पगार 10,000च्या वर गेला की त्याला वर्षाला 2,500 भरावे लागतात. ही माफी झाल्यापासून एका मालकाने कामावरच्या बाईंना बरोबर 25,000वर थांबवून ठेवलंय. "पुढे सरकलात तर कर लागेल, तुमचंच नुकसान!" बाईंचे वर्षाला अडीच हजार वाचतात. तेच काम करणारा गडी 32,000 घेतो आणि कर भरल्याबद्दल कुरकुरतो. शिवाय बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे, मग पगार पुरा कशाला, असंही एकाने मला गंभीरपणे विचारलं. हा माणूस पदवीधर आहे.

राज्यघटनेच्या 39व्या कलमात स्त्री-पुरुषांना समान कामाला समान वेतन लिहिलंय. 1976च्या कायद्याने सारखं काम ठरवायला कौशल्य, कष्ट आणि जबाबदारी पाहायला सांगितलं, 2019च्या वेतन संहितेने त्यात अनुभवाची भर घातली. एवढे विद्वान बसले, पण मिस्टर घालायचे राहूनच गेले. ती उणीव आमचे साहेबलोक भरून काढतात, आणि वर 8 मार्चला गुलाबाचं फूल देऊन 'मागायला शिका' नावाचं शिबिर घेतात. आकडा ठामपणे सांगा, पण हसून सांगा. बाजारभाव आधी काढून ठेवा. बाजारभाव काढायचा कुठून? नेमणूकपत्रातच लिहिलेलं असतं, पगार कोणाला सांगू नये.

उसाच्या फडात शिबिर होत नाही. तिथे मिस्टर काय करतात हे कोणी विचारतही नाही, कारण मिस्टर शेजारीच उभे असतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. ऊस तीही तोडते, पाचट तीही काढते, मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर तीही चढते. उचल त्याच्या नावावर. हिशेब त्याच्याशी. खाडा मात्र तिचा पडला तरी दंड कोयत्याला! पाळीत खाडा नको म्हणून बायकांनी गर्भाशयं काढून टाकल्याचं बीडमधून 2019 साली बाहेर आलं, चार दिवस हळहळ झाली, आणि पुढचा हंगाम वेळेवर सुरू झाला. खुरपणीला वाकलेल्या बाईचा रोज गड्यापेक्षा कमी का, तर म्हणे तिचं काम हलकं. ज्याने हे ठरवलं त्याला एकदा वैशाखात दिवसभर उकिडवं बसवा. संध्याकाळी त्याला उठता आलं, तर रोजाबद्दल बोलू.

असो. आमच्या बाईंची गोष्ट राहिली. कंपनीचं पगारपत्रक त्याच करतात. चिरंजीवाचे वाढलेले 12 टक्के त्यांनीच टॅलीत भरले, आणि दुसऱ्या दिवशी साहेबांना विचारलं की, त्याला एवढे आणि मला का नाहीत. साहेब चकित झाले. "हा आकडा तुम्हाला कळला कसा?" पगाराच्या गोपनीयतेचा भंग केल्याबद्दल बाईंना मेमो निघालाय. खुलासा सात दिवसांत द्यायचाय. मेमोची एक प्रत माहितीसाठी हिशेब विभागाला, म्हणजे बाईंनाच.