नव्या रिव्हर्ब पेडलची कागल-चाचणी

प्रस्तुत मार्गदर्शन इलेक्ट्रिक गिटारसाठी नवं रिव्हर्ब पेडल घेतलेल्या, घेऊ पाहणाऱ्या, किंवा घेतलंय पण अजून घरात न सांगितलेल्या सर्व कागलकरांसाठी आहे. मुरगूड, निपाणी आणि पंचतारांकित एमआयडीसीत पाळी करणाऱ्या वादकांनाही ते लागू राहील. कोल्हापूर शहरातल्यांनी वाचायला हरकत नाही. पण त्यांच्या पाठीशी १८८३ सालापासून देवल क्लब आहे, आमच्या पाठीशी पुणे-बंगळूर महामार्ग.

पेडल आल्याबरोबर घरच्यांचा पहिला प्रश्न येतो आणि त्याला तयारीनिशी सामोरं जावं.

“ह्यातनं गाणं वाजतंय व्हय?”

“नाही गं आई. ह्यातनं गाणं मोठ्या हॉलमध्ये वाजल्यासारखं वाटतं.”

“मग हॉलातच जाऊन वाजीव की. लग्नसराई सपल्यापासनं कार्यालय मोकळंच पडलंय. मी झोपतो आता.”

हा सल्ला तांत्रिकदृष्ट्या निर्दोष आहे. या विषयावरची इंग्रजी माहितीपत्रकं शेवटच्या पानापर्यंत जिथे पोचत नाहीत, तिथे आई उशीला टेकता टेकता पोचली. रिव्हर्ब पेडल म्हणजे विकत घेतलेली खोली. ती तुम्ही दुसऱ्या एका खोलीत बसून वाजवता, आणि ती दुसरी खोली पेडलला विचारून बांधलेली नसते. तेव्हा पेडलची चाचणी पेडलपासून सुरू करू नये. आधी आपली खोली तपासावी.

खोलीच्या मधोमध उभं राहून एक टाळी वाजवा. नववीच्या विज्ञानाचं पुस्तक म्हणतं की प्रतिध्वनी सुटा ऐकू यायला समोरची भिंत किमान १७.२ मीटरवर हवी. त्याहून जवळच्या भिंतींवरून आलेले आवाज एकमेकांत मिसळतात, लांबतात, तो निनाद. कागलमध्ये १७ मीटर लांबीची खोली असणारे गिटार वाजवत नाहीत, गिटारवाल्याला सुपारी देतात. आपल्याला निनादच मिळणार. आवाज ६० डेसिबलनी उतरायला, म्हणजे त्याची ताकद दहा लाखांत एक उरायला किती वेळ लागतो, ते मोजायचं.

ही मोजणी पहिल्यांदा नीट केली ती हार्वर्डच्या वॉलेस सॅबिन यांनी. फॉग म्युझियमच्या नव्या व्याख्यानगृहात वक्त्याचं दुसरं वाक्य सुरू व्हायचं तरी पहिलं भिंतींवर फिरतच असायचं, साडेपाच सेकंदांच्या आसपास. याचं काय करता येईल ते बघा, असं विद्यापीठाने १८९५ साली या तरुण प्राध्यापकाला सांगितलं. सॅबिन रात्री सँडर्स थिएटरमधल्या बैठकीच्या गाद्या उचलून आणायचे, सभागृहात मांडायचे, ऑर्गनची नळी फुंकायचे, वेळ मोजायचे आणि सकाळच्या आत गाद्या जागच्या जागी नेऊन ठेवायचे. त्यातून सूत्र निघालं : निनादाचा काळ म्हणजे ०.१६१ गुणिले खोलीचं घनफळ, भागिले खोलीतलं एकूण शोषण. (मीटरमध्ये मोजावं. फुटात मोजून नंतर पेडलला दोष देऊ नये.)

आपल्याकडे गाद्या चोरायची गरज नाही, वाकळ आहे. जुन्या लुगड्यांचे थर घालून दाट टाक्यांनी शिवलेली आजीची वाकळ आवाज कसा पिते, हे पत्र्याच्या खोलीत प्रत्यक्ष पाहावं. आधी मोकळ्या खोलीत टाळी, मग दोन भिंतींना दोन वाकळा टांगून टाळी. वर पत्रा, खाली शहाबादी फरशी आणि चारी बाजूंना गिलावा असलेल्या खोलीत पेडल वाजवून “हा रिव्हर्ब फार झणझणीत आहे” असा शेरा मारणाऱ्यांचे आतापर्यंतचे सर्व शेरे रद्द समजावेत. ते पत्र्याबद्दल होते.

आता आईचं मंगल कार्यालय. समजा ते ३० मीटर लांब, १५ रुंद आणि ६ उंच आहे. घनफळ २,७०० घनमीटर. गुळगुळीत फरशी, रंगवलेल्या भिंती आणि वरचा पत्रा मिळून सगळा पृष्ठभाग १,४४० चौरस मीटर. तो पडेल त्या आवाजाचे शंभरातले पाच वाटे गिळतो असं धरलं तर शोषण ७२. सूत्रात घाला, उत्तर येतं सहा सेकंद. म्हणजे रिकाम्या कार्यालयात तुम्ही ‘ई’ कॉर्ड छेडून चहाचा घोट घेतलात, तरी घोट खाली उतरेपर्यंत कॉर्ड वरच आहे. आता त्याच कार्यालयात पाचशे वऱ्हाडी बसवा. अंगावरच्या कापडांसह प्रत्येक माणूस साधारण अर्धा चौरस मीटर आवाज शोषतो. थोडे उपाशी धरून ०.४ घेऊ. शोषण २७२ होतं आणि निनाद १.६ सेकंदांवर येतो. अहेर-मानपानाच्या यादीत ज्यांची गणती नवऱ्याकडचे आणि नवरीकडचे एवढीच होते, ते एकत्र बसून सहा सेकंदांचं प्रकरण दीड सेकंदात मिटवतात. दुपारी रिकाम्या कार्यालयात ठरवलेली सेटिंग संध्याकाळी फसते त्याचं कारण हे आहे. गिटारवादकाचे ग्रह नव्हेत.

खोली समजली, आता वीज. पेडलला ९ व्होल्ट लागतात आणि पिनचं मधलं टोक ऋण लागतं. घरातल्या वायफाय राऊटरचं अडॅप्टर त्यात बसतं. अगदी घट्ट, समाधानकारक बसतं. पण त्याचं मधलं टोक बहुधा धन असतं आणि व्होल्ट बहुधा १२. बसलं म्हणजे चाललं, हा नियम पाहुण्यांच्या चपलांपुरता ठीक आहे. अॅम्पची तिसरी पिन मोडून तो दोन पिनांच्या बोर्डात खोचण्याची पद्धतही आपल्या भागात बरीच रूढ आहे. मग गुणगुण येते, पेडल त्या गुणगुणीलाही हॉलमध्ये नेऊन बसवतं, आणि एखाद्या दिवशी गाता गाता ओठ माईकला लागले की वादकाला उच्च स्वर आपोआप सापडतो. अर्थिंग करून घ्या. या एका वाक्यात विनोद नाही.

यानंतर गटाचा प्रश्न. कागलला राजकारणाचं विद्यापीठ म्हणतात. इथे माणूस कुठल्या गटाचा, हे त्याच्या नावाआधी विचारलं जातं. पेडलवर ‘स्प्रिंग’, ‘प्लेट’, ‘हॉल’, ‘शिमर’ अशी नावं गोलाकार छापलेली असतात. ते गट आहेत, हे कागलकराला वेगळं सांगायला नको.

स्प्रिंग गट जुना. टेलिफोनच्या तारेत आवाजाला होणाऱ्या उशिराची नक्कल करायच्या युक्तीतून लॉरेन्स हॅमंड यांनी ऑर्गनसाठी स्प्रिंगा घेतल्या. फेंडर कंपनीने १९६१ साली त्यांचं वेगळं खोकं काढलं आणि १९६३ साली त्या अॅम्पच्या पोटात घातल्या. खऱ्या स्प्रिंगच्या अॅम्पला लाथ घातली तर आभाळ गडगडतं. पेडलला लाथ घातली तर फक्त आई उठते. हा गट निष्ठावंत, टणत्कारी आणि नव्या कशालाही न मानणारा आहे.

प्लेट गट वजनदार. १९५७ साली जर्मनीच्या ईएमटी कंपनीने मोठ्या लाकडी पेटीत पोलादाचा पातळ पत्रा ताणून टांगला. पेटीचं वजन सुमारे २७० किलो. ती कागलला आणायची तर टेम्पो, चार हमाल आणि उतरवून घ्यायला जिना नसलेलं घर लागलं असतं. आज तोच आवाज तळहातावर मावतो, तरी या गटाचे लोक पेडलविषयी बोलताना आवाज खाली आणतात. गाण्यामागे गिटार धरायची तर याच गटाला मत द्यावं, असं माझं स्पष्ट मत आहे. पत्र्याचं वावडं नसेल तर.

हॉल गट आकड्यांवर चालतो. ईएमटीनेच १९७६ मध्ये डिजिटल यंत्र काढलं. ते पायाखाली यायला १९८७ उजाडलं, बॉसचं आरव्ही-२. आणि शिमर गट म्हणजे प्रत्येक स्वरामागे त्याचाच वरच्या सप्तकातला सोबती धुक्यातून येत राहतो. ब्रायन ईनो आणि डॅनियल लॅन्वा यांनी स्टुडिओत हे केलं तेव्हा ते अद्भुत होतं. आता ते पेडलवर एका बटणात मिळतं, आणि दोन कॉर्ड येणाऱ्यालाही स्वर्गाच्या दारात उभं करतं. ते दार उघडायला तिसरी कॉर्ड लागते.

या सगळ्यांच्या बाहेर एक अपक्ष आहे, न्हाणीघर. १९४७ साली शिकागोत बिल पटनम यांनी हार्मोनिकॅट्स या माऊथऑर्गन त्रिकूटाचं ध्वनिमुद्रण करताना स्टुडिओचं स्वच्छतागृहच निनादाची खोली म्हणून वापरलं. आत एक स्पीकर, एक माईक. रेकॉर्ड तुफान खपली. म्हणजे आपल्याकडे भल्या सकाळी बंबाशेजारी तांब्यागणिक तान घेणारे काका शास्त्रशुद्ध मार्गावर आहेत. तिथे लाईटवर चालणारी कुठलीही वस्तू मात्र नेऊ नये.

तक्रार नोंदवायची तर एकच. पेडलवर ‘कॅथेड्रल’ असतं, ‘गोल घुमट’ नसतो. या भागातल्या पोरांनी शाळेच्या सहलीत विजापूरच्या त्या सज्जात उभं राहून एकमेकांची टोपणनावं ओरडलेली असतात आणि घुमटाने ती पुन्हा पुन्हा उच्चारून कायम केलेली असतात. कॅथेड्रल किती मोठं, याचा अंदाज आम्ही करायचा कशावरून?

आता प्रत्यक्ष वाजवणं. नवं पेडल लावल्याबरोबर माणूस डोळे मिटून सोलो सुरू करतो. हे करू नये. सोलोत शेपूट ऐकू येत नाही आणि रिव्हर्ब म्हणजे शेपूटच. एक स्वर छेडा, तार हाताने दाबा, गप्प बसा. शेपूट सरळ विरतं की मध्येच थरथरतं? शेवटी ‘टिंग टिंग’ करतं का? स्वस्त पेडलमध्ये परत येणारे आवाज संख्येने कमी असतात, एका ठराविक अंतराने येतात आणि त्यांतून धातूचा कर्कश सूर उमटतो. हे ओळखायला गल्लीतला साखर कारखान्यातून निवृत्त झालेला फिटर बोलवा. गिटार म्हणजे काय, याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. तो शेपूट ऐकून सांगतो, “बेअरिंग गेलंय ह्याचं.” त्याचा निर्णय अंतिम मानावा.

मग जाड तार. तिच्यावर लांब निनाद घातला की चिखल होतो, म्हणून टोनचं बटण. मग पेडल पायाने बंद करा. शेपूट सुरीने कापल्यासारखं तुटत असेल तर खटका दाबताना गाण्यात खड्डा पडणार. मग क्रम : गिटार, डिस्टॉर्शन, डिले आणि सर्वांत शेवटी रिव्हर्ब. रिव्हर्ब आधी आणि डिस्टॉर्शन नंतर म्हणजे कट ओतलेली मिसळ मिक्सरमधून काढणं. काही लोक मुद्दाम तसंच वाजवतात, त्यांचे चाहतेही असतात. पण ते कोल्हापूर जिल्ह्यात राहत नसावेत.

‘मिक्स’ नावाचं बटण सर्वांत घातक. ते किती फिरवावं याबद्दल आपल्या भागाचा कान आधीच घडलेला आहे. ऑर्केस्ट्राचा निवेदक, कुस्ती मैदानातला निवेदक, बेंजो पार्टीचा गायक आणि प्रचाराची रिक्षा, या सगळ्यांनी आपल्याला शिकवलं आहे की ज्या आवाजाला इको नाही तो आवाज अधिकृत नाही. म्हणून मित्रमंडळी खोलीत जमली की एकच सूचना येते.

“भावा, जरा वाढीव की.”

“वाढवला तर स्वर कळणार नाहीत.”

“तेच म्हणतोय न्हवं. वाढीव.”

ही सूचना ऐकावी की नाही, हे तुमचा रियाज ठरवेल. मला विचाराल तर बटण इतकंच फिरवावं, की फिटरला सुद्धा ते चालू आहे की बंद हे विचारावं लागेल. मिरजेच्या सतारीच्या पडद्यांखाली तरफांच्या तारा असतात. वरचा स्वर नेमका लागला तरच त्या आपण होऊन बोलतात. बेसूर लागला तर त्या गप्प. २०२४ साली या सतारीला भौगोलिक मानांकन मिळालं. चुकीचा स्वरही तितक्याच आदराने घोळवणाऱ्या आमच्या पेडलला ते मिळण्याची चिन्हं नाहीत.

रात्री दहानंतर चाचणी हेडफोनवर घ्यावी. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. शेपटाला सवलत नाही.

या सर्व पायऱ्या पार करून तुम्ही मंडळाच्या कार्यक्रमाला स्टेजवर चढाल, तेव्हा मिक्सरमागे साऊंडवाला दादा बसलेला असेल. तुम्ही महिनाभर जुळवलेल्या प्लेटवर तो न विचारता आपला इको चढवेल, कारण त्याला निवेदकाने तसं सांगून ठेवलेलं असतं. त्याच्याशी सॅबिनच्या सूत्रावर चर्चा करू नये. चहा पाठवावा, आणि आपलं पेडल बंद करून वाजवावं. लोक नंतर येऊन नव्या पेडलचं कौतुक करतील. ते स्वीकारावं.

वर्षभरात पेडल विकायची वेळ येतेच, कारण तोवर दुसरं आलेलं असतं. गिऱ्हाईक पाहायला आलं की त्याला पत्र्याच्या खोलीत बसवावं, वाकळा आदल्या रात्रीच उतरवून ठेवाव्यात आणि मिक्सचं बटण शून्यावर नेऊन एकच कॉर्ड जोरात छेडावी. किंमत तिथेच ठरवून घ्यावी. गिऱ्हाईक निपाणीचं असेल तर ही युक्ती चालत नाही. ते आपली वाकळ बरोबर घेऊन येतं.